कासंडीच्या वर काही नाही

विजयमाला पुकळे हिनं आयुष्यातलं पहिलं डिझाइन केलं ते कोकरांच्या पाठीवर, आणि ते साफ फसलं.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुकळे माण तालुक्यातले धनगर. दिवाळी झाली की बाप अर्जुना, आई भामाबाई, घोड्यावर बिऱ्हाड, मागं दोन कुत्री आणि पुढं दीडशे मेंढरं असा सगळा वाडा पाटणच्या बाजूनं कोकणात उतरायचा. वाटेत दुसऱ्यांचे वाडे भेटत, कळप एकमेकांत मिसळत, आणि मग कुठलं मेंढरू कुणाचं हे खुणेवरून ठरायचं. पुकळ्यांची खूण म्हणजे शेपटीच्या वर, पाठीवर आडवा, चार बोटं रुंद गेरूचा पट्टा. आज्याच्या आज्यापासून तोच. त्यात कुणी कधी अक्कल चालवली नव्हती.

त्या वर्षी गेरू संपत आला होता आणि आईच्या गाठोड्यात कपड्यांना द्यायची नीळ होती. आईचं दूध सुटलेली, पण कानाला मालकीची खाच अजून न पडलेली सतरा कोकरं विजयमालाच्या ताब्यात होती. पोरीनं प्रत्येकाच्या पाठीवर निळं फूल काढलं. पाच पाकळ्या, मधे ठिपका. इतकं देखणं, की भामाबाईसुद्धा म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ग्वाड दिसतंय." पाटणजवळ नदी उतरताना एका ट्रकनं भोंगा वाजवला, दोन कळप एकमेकांत घुसले, आणि नेमका दुसरा कळप ज्यांचा होता त्यांची खूण होती निळा ठिपका.

पंच बसले. अर्जुनाला आपलं एकेक कोकरू तोंडावरनं ओळखू येत होतं आणि त्यानं ते सांगूनही पाहिलं. समोरचा म्हणाला, "पट्टा दाव. पट्टा असंल तर घिऊन जा. निळं म्हंजी आमचं." पंचांनी माना डोलावल्या. तोंडओळखीवर निवाडे व्हायला लागले तर उद्या कुणीही कुणाचंही मेंढरू नेईल, हे अर्जुनालाही कळत होतं. सतराच्या सतरा कोकरं गेली. आता बाप काठी घेणार, म्हणून विजयमाला अंग चोरून उभी राहिली. अर्जुनानं काठी घेतली नाही. उरलासुरला गेरू वाटीत कालवला, वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता ह्येच्याम्होरं पट्टा तूच लावायचा." ती मार खायला तयार होती, ह्याला तयार नव्हती. त्या वाटीनं तिला जन्माची अद्दल घडवली.

पुढं दूध संघात सगळे म्हणायचे, ही बाई हट्टी आहे. होतीच. पण हट्टाला मूळ असतं, आणि ते खणून बघण्याइतका वेळ कुणाला असतो?

अर्जुनाचे गुडघे गेले तसा त्यानं कळप विकला आणि भामाबाईच्या नावानं दोन म्हशी घेतल्या. विजयमाला साताऱ्याच्या वसतिगृहात राहून बारावी झाली, टायपिंग शिकली, मग संगणकाचा वर्ग केला. १९९३ साली रहिमतपूरच्या शिवारधारा दूध संघात टायपिस्ट म्हणून लागली. संघात पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला साहेब लोक बिचकत होते, तो आपसूक तिच्या टेबलावर आला. एकवीस वर्षांची, काटकुळी, कुंकू बारीक आणि आवाज मोठा. डोंगरात मेंढरं हाकलेला आवाज तो, त्याला ऑफिसात बसायची सवय कुठून असणार.

संघाची खूण होती कासंडी. गळ्याशी आवळलेलं, पोटात फुगलेलं आपलं दुधाचं भांडं, निळ्या रंगात, आणि पोटावर एक पांढरा थेंब. १९७१ साली संघ निघाला तेव्हा धोंडिराम पेंटरनं ती पहिल्या डेअरीच्या दारावर काढली, आणि मग गावोगावच्या डेअऱ्यांवर तोच काढत फिरला. पण पंचवीस वर्षांत गावोगावच्या हौशी लोकांनी त्या कासंडीची पार दैना केली होती. कोरेगावला ती हिरवी होती. एके ठिकाणी तिला कान फुटले होते, एके ठिकाणी तिच्यावर नारळ होता. खटाव भागात तर कुणीतरी तिला मिशीवाला गवळी चिकटवला होता. शेवटी १९९६ मधे मिरजेच्या बाजारात संघाच्या नावानं दुधाच्या खोट्या पिशव्या सापडल्या, तेव्हा संघाचे डोळे उघडले. पुण्याहून चित्रकलेचे एक मास्तर आले, चार महिने राबले आणि चाळीस पानांची नियमवही करून देऊन गेले. कासंडीचं माप काय, निळा कुठला, अक्षर कसलं, भोवती किती जागा मोकळी सोडायची, सगळं आखून दिलेलं. वार्षिक सभेत ठराव झाला आणि वहीच्या पहिल्या पानावर चेअरमन नाथाजीअण्णांनी झोकदार सही ठोकली. अण्णांनी वही वाचली असेल असं कुणी म्हणणार नाही.

विजयमालानं वाचली, दोनदा वाचली. तिला त्यात गेरूचा पट्टा दिसला.

त्यातला नववा नियम सगळ्यांत लहान होता. कासंडीच्या वर काही येणार नाही. ना नाव, ना फोटो, ना नक्षी. मास्तरांनी हा नियम स्वतःच्या डोक्यातून काढलेला नव्हता. तो धोंडिराम पेंटरकडून आला होता. विजयमालानं एकदा त्याला विचारलं, "आवं तात्या, वर का न्हाई?"

धोंडिराम पासष्टीला आलेला, बोटांच्या पेरांत रंग कायमचा मुरलेला. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा तो विशीतला होता. तो म्हणाला, "पोरी, माझ्या आयनं म्हस पाळली हुती. गावात तिचं दूध कोन घ्यायचं न्हाई. हॉटेलवाला म्हणायचा, बाटंल. मग संघ आला. पयल्या दिवशी पाटलाचं दूध वतलं, कुंभाराचं वतलं, आन त्याच कॅनात माझ्या आयचं बी वतलं. त्या दिशी मी कासंडी काढली. दुसऱ्या दिशी सरपंच म्हणला, वर माझं नाव टाक. म्या बरश खाली ठिवला. म्हणलं, समद्यांचं दूध हिच्यात पडतंय. हिच्या वर कुनाचंच नाव न्हाई. वर आभाळ."

"मग सरपंच काय म्हणला?"

"काय म्हणंल? दोन म्हयनं माझी मजुरी अडिवली. पर नाव न्हाई टाकलं."

नववा नियम आता विजयमालाला नुसता पाठ राहिला नाही, तो तिच्या अंगात गेला.

१९९९ चा उन्हाळा. अण्णांचे एक पाहुणे दुबईत. त्यांनी फोनवर सांगितलं, आजकाल इंटरनेटवर पान नसलेल्या संस्थेचं तूप कुणी घेत नाही. अण्णांनी लगेच विजयमालाला बोलावलं. "पुकळे मॅडम, आपलं इंटरनेटचं पान झालं पाहिजे. सभेत उद्घाटन करायचं." सभा सप्टेंबरात होती. तिनं साताऱ्यातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचून पान करायला शिकली.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. नियमवही कागदासाठी, पिशवीसाठी, भिंतीसाठी लिहिलेली. पडद्याचं त्यात अवाक्षर नाही. वहीतला निळा शाईचा, पडद्यावरचा उजेडाचा. ऑफिसातल्या दोन संगणकांवर एकच कासंडी दोन रंगांची दिसायची, एकीकडे शाळेच्या गणवेशासारखी तर दुसरीकडे वांग्यासारखी. त्या काळी कुठल्याही संगणकावर हमखास सारखे दिसतील असे रंग मोजून दोनशे सोळा होते, आणि वहीतला निळा त्यात बसत नव्हता. कुणी दुसरी असती तर म्हणाली असती, निळा तो निळा, चालतंय. हिची तर निळ्यानं आधीच एकदा सतरा कोकरं घालवली होती. तिनं धोंडिरामाला बोलावलं.

म्हातारा धोतर सावरत खुर्चीवर बसला. ती एकेक निळा पडद्यावर आणायची आणि तो मान हलवायचा. "ह्यो न्हाई. ह्यो पोलिसाच्या गाडीचा." "ह्यो रॉकेलच्या पिपाचा." "ह्यो तर मेलेल्या मानसाच्या नखाचा हाय, काढ." दोन तास गेले. एका निळ्यापाशी तो पुढं वाकला, चष्मा काढला, परत घातला. "हां. ह्यो आपल्यातला हाय. सख्खा न्हाई, चुलत हाय. पर आपल्यातलाच."

तिनं तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला. मग एकेक नियम पडद्याला लावत गेली. वही म्हणायची, कासंडीभोवती तिच्या तोंडाच्या रुंदीएवढी जागा मोकळी सोडा, तर हिनं पडद्यावरच्या ठिपक्यांत ती मोजली. मराठी अक्षर दुसऱ्याच्या संगणकावर उमटेलच याची तेव्हा खात्री नसे, म्हणून संघाचं नाव वहीतल्या वळणाच्या अक्षरात चित्र करून घातलं. चित्र जड झालं तर पान उघडायला वेळ लागतो. फोनच्या तारेतून येणारं सगळं, नळाला पाणी कमी दाबानं यावं तसं. म्हणून कासंडीत दोनच रंग ठेवले. फोन जोडला की पाच-सहा सेकंदांत कासंडी समोर. वर पांढरं, मोकळं. खाली नाव, त्याखाली दूध, तूप, पत्ता. आत दुसऱ्या पानावर सगळे संचालक, एकाच मापात, नावाच्या पहिल्या अक्षराच्या क्रमानं.

धोंडिरामानं ते पान पाहिलं आणि पडद्याला बोट लावून बघितलं. "वला न्हाई," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

आता इथं एक सांगायला हवं. आपल्याकडे फलक म्हटला की त्याच्यावर चेहरे लागतात. वाढदिवस असो, नळाला पाणी येवो, पोरगं दहावी पास होवो. वर मोठ्या साहेबांचं डोकं, खाली मानानं उतरत जाणारी लहान डोकी, आणि तळाला 'शुभेच्छुक'. ज्याचं डोकं सुटलं त्याच्याशी सात पिढ्यांचं वैर. त्यात डिसेंबरात संघाची निवडणूक होती. अण्णांनी पान पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"मॅडम, मी कुठाय?"

"आत, अण्णा. दुसऱ्या पानावर. न अक्षराखाली."

"न?" अण्णांचा आवाज चढला नाही. अण्णा गोड बोलणारे, आणि गोड बोलणाऱ्याला जास्त भ्यावं. "असं करा. वर माझा जरा मोठा फोटो टाका. त्याच्याखाली एकोणीस संचालक, मानाप्रमाणं. कडेनं दिव्यांची माळ, लुकलुकणारी. साताऱ्याच्या एका पानावर बघितली मी. आणि एक ओळ सरकती ठेवा, शुभेच्छांची."

"आणि कासंडी?"

"असू द्या की खाली. कासंडी कुठं पळून जातीय."

विजयमालानं टेबलावरची वही उघडली, नववा नियम काढला आणि अण्णांपुढं सरकवली. "कासंडीच्या वर काही येत नाही, अण्णा. सभेचा ठराव आहे. सही तुमची आहे."

शेजारी बसलेले जनरल मॅनेजर मधेच म्हणाले, "अहो, ते पिशवीचे नियम. हे इंटरनेट आहे."

"साहेब, मिरजेची खोटी पिशवी कशी पकडली? कासंडी तशीच होती, रंग तोच होता. भोवती आणि वर अक्षरांची खिचडी होती म्हणून दुकानदाराला संशय आला. मोकळी जागा हीच आपली खूण आहे. पिशवीवर एक आणि पडद्यावर दुसरं केलं तर दुबईवाल्यानं आपल्याला कशावरनं ओळखायचं? अण्णांच्या मिशीवरनं?"

खोलीत शिपाई चहा घेऊन आला होता, तो तसाच मागं फिरला.

अण्णा हसले. "मॅडम, तुम्ही नोकरी संघाची करता की वहीची?"

"संघाची करते, म्हणून तर वही दाखवते."

"मी चेअरमन म्हणून सांगतो, फोटो वर घाला."

"मी नाही घालणार." तिचा डोंगरातला आवाज एकदाचा निघाला, पार दूध उतरवून घेणाऱ्या माणसांपर्यंत गेला. "सभेनं केलेला ठराव सभा मोडू शकते. तुम्हाला मोडता येत नाही, मला तर नाहीच नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्या हातानं होणार नाही."

चार दिवसांत बदलीचा कागद आला. पाटणच्या शीतकरण केंद्रावर, आवक नोंदवायला. तिथं संगणक नव्हता. गावी घरी गेल्यावर भामाबाईनं कपाळ बडवलं. "आगं, घातला असता फोटू तर तुझ्या काय बाचं गेलं असतं?"

"बाचंच गेलं हुतं आई," विजयमाला म्हणाली. "सतरा."

ओट्यावर अर्जुना बसला होता. त्यानं ऐकलं आणि तंबाखू मळत राहिला.

पाटण. ज्या नदीकाठी कोकरं गेली, त्याच नदीवरून आता भाड्याच्या खोलीतून केंद्रावर रोज ये-जा. विजयमाला कॅन मोजायची, फॅट नोंदवायची आणि दातओठ खायची. तिला वाईट वाटत होतं ते बदलीचं नव्हतं. आपण केलेली ती साधी, नीटस कासंडी एका फ्लॉपीत झोपून आहे, आणि तिकडं साताऱ्याचा कुणीतरी संगणक-क्लासवाला तिच्या डोक्यावर वीस डोकी रचतोय, ह्याचं वाईट वाटत होतं. अगदी पोटातून वाटत होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रहिमतपूरच्या मंगल कार्यालयात सभा भरली. हजारभर सभासद. पुण्याहून प्रोजेक्टर आणलेला, ऑफिसातून फोनची तार गच्चीवरून ओढत आणलेली, पुढं शाल-श्रीफळ. भामाबाई सभासद म्हणून माणच्या जीपनं आली होती, तिच्याबरोबर विजयमाला. मागच्या भिंतीला टेकून धोंडिराम पेंटर.

अण्णांनी बटण दाबलं. मोडेम किंचाळला, खरखरला, शिट्टी मारून गप्प झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं झालं. मग पडद्यावर वरून एक काळी पट्टी उतरायला लागली. ते अण्णांचे केस होते. मिनिटभरानं कपाळ आलं. आणखी मिनिटानं भुवया. सभा टक लावून बसलेली. डोळे आले, नाक आलं, आणि मिशीपाशी येऊन गाडी अडली. कडेचे दिवे मात्र लुकलुकत होते. सरकत्या ओळीत 'हार्दिक शुभेच्छा' डावीकडून निघून जाई आणि परत उजवीकडून येई.

"आण्णा, तोंड कवा येनार?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पहिला हशा फुटला.

सहा मिनिटांनी अण्णा गळ्यापर्यंत पुरे झाले. मग संचालक यायला लागले. पहिले दोघे हनुवटीपर्यंत आले, तिसऱ्याचा फेटा दिसला, आणि फोन तुटला. पडद्यावर अडीच माणसं आणि पांढरी पाटी. परत जोडा, परत केस. दुसऱ्यांदाही फोन फेट्यापाशीच तुटला. क्लासवाला घामानं निथळत होता.

तेवढ्यात भामाबाई उभी राहिली. तिला ना कुणाची जिरवायची होती, ना लेकीची बाजू घ्यायची होती. ती खरोखरच शोधत होती. पदर डोक्यावर घेऊन तिनं विचारलं, "आवं, मानसं दिसली. पर आमची कासंडी कुठं हाय?"

हशा थांबला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "व्हय की. कासंडी दावा." मग बायकांच्या बाजूनं आलं, "कासंडी कुठाय?" आणि मग सगळीकडूनच. अण्णा माईकवर म्हणाले, "खाली आहे, खाली. येतीय."

"खाली का?" विजयमाला उठली. माईक नव्हता आणि तिला लागतही नव्हता. "ह्याच सभेनं शहाण्णव साली ठराव केलाय. कासंडीच्या वर काही येणार नाही. ना नाव, ना फोटो. नियम नववा. खाली अण्णांची सही हाय. मी ते पान करून दिलं हुतं, वर मोकळं ठिवून. म्हणून माझी बदली पाटणला झाली. आता सभेला वर फोटो पायजे असंल तर सभेनं तसं सांगावं. हात वर करा. मी ह्या घटकेला घालून देते."

एवढं बोलूनही ती उभीच राहिली.

एकही हात वर गेला नाही. भिंतीपाशी धोंडिराम पेंटर मात्र सरळ उभा राहिला. गावोगावच्या ज्या लोकांनी त्याला कासंडी काढायला शिडीवर चढलेला बघितला होता, ते त्याच्याकडे वळून बघायला लागले.

अण्णा निवडणुकीतले मुरलेले. हजार माणसांची हवा कुठं वाहते ते त्यांना नाकानं कळायचं. "घ्या मॅडम, तुमचं लावा," ते म्हणाले. विजयमालानं पिशवीतून फ्लॉपी काढली. फोनचीही गरज पडली नाही. पडद्यावर एकदम कासंडी आली. निळी, पांढऱ्या थेंबाची, भोवती मोकळी, वर काही नसलेली. लोकांनी ती लगेच ओळखली, त्यांच्या गावच्या डेअरीच्या दारावरचीच होती ती. मग टाळ्या पडल्या आणि बराच वेळ पडत राहिल्या.

सभा संपल्यावर अण्णांनी तिला बाजूला घेतलं. पडलेला माणूस उठताना धूळ झटकतो, तसं काहीतरी त्यांना करायचं होतं. "पान तुमचंच राहील. पण बदली मी मागं घेणार नाही. चेअरमनचा शब्द आहे, तोही एक नियमच."

"राहू द्या की," विजयमाला म्हणाली. "पाटणला फोन आहे. संगणक तेवढा पाठवा. पान तिथनं सांभाळते. आणि अण्णा, ठराव मोडून पानावर काही चढलं, तर पुढच्या सभेला मी माईकसुद्धा मागणार नाही."

महिन्याभरानं संगणक आला, जुना, कुरकुरणारा. कॅनांच्या रांगेशेजारी तिनं तो मांडला. निवडणूक झाली, अण्णा परत चेअरमन झाले, कासंडी वर ती वरच. दुबईला तूप गेलं की नाही ते मला ठाऊक नाही आणि त्याची मला फिकीरही नाही.

डिसेंबरात एक दिवस अर्जुना एसटीनं पाटणला आला. गुडघ्यांवर हात ठेवत केंद्राची पायरी चढला. विजयमालानं त्याला खुर्चीवर बसवलं, फोन जोडला आणि पान उघडलं. अर्जुनाला वाचता येत नव्हतं. तो पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"वर काय न्हाई लिवलं?"

"न्हाई."

"कोन लिव म्हणलं तर?"

"लिवनार न्हाई."

त्यानं मान हलवली. खिडकीतून नदीकडे बघितलं. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा तो त्या कोकरांचं बोलला.

"त्येच्या म्होरल्या साली हितंच, नदीवर, त्यांचा वाडा गाठ पडला हुता. आपली कोकरं वळखली मी. मोठी झाली हुती. तोंडावरनं वळखली. सवयीनं हाळी घातली, तर त्यातलं एक पळत आलं गं. माझ्या धोतराला तोंड घासाय लागलं."

"मग? आणलं न्हाई?"

"त्येच्या पाठीवर त्यांचा ठिपका हुता. त्यांच्यातलं कोन बघत बी न्हवतं." अर्जुना थांबला. "मी काठीनं परत हाकललं त्येला. दोनदा आलं, दोनदा हाकललं. तुला तवा सांगितलं न्हाई. रडली असतीस."

विजयमाला आत्ता रडली, सत्तावीस वर्षांची, दुधाच्या कॅनांच्या मधे उभी राहून. मग तिनं तोंड पुसलं आणि बापासाठी चहा मागवला. पडद्यावर कासंडी तशीच होती, आणि फोनचं मीटर चालू होतं, तरी तिनं तो बराच वेळ बंद केला नाही.